हिऱ्याला मोड का नाही? आणि ती जुनी अमेरिकन अ‍ॅड एजन्सी

सावदेकर:
मंडळी, मागच्या आठवड्यात बहिणीची हिऱ्याची अंगठी मोडायला जळगावच्या सराफ बाजारात गेलो होतो, सोन्याचं वजन करून पैसे दिले पण हिऱ्याचे फारच कमी लावले. म्हणे भो, हिऱ्याला सोन्यासारखी मोड नसते. आमच्या आजीने पाटल्या केल्या त्या अडीनडीला मोडता याव्या म्हणूनच, दोन दुष्काळ त्यावर निघाले. मग हे हिऱ्याचं वेड आलं कुठून? एक मित्र म्हणतो अमेरिकेतल्या जाहिरात एजन्सीने पसरवलं. कोणती एजन्सी?

भुसावळ_लोकोशेड:
एन. डब्ल्यू. आयर अँड सन. 1869 ला फिलाडेल्फियात फ्रान्सिस वेलँड आयर नावाच्या 21 वर्षांच्या पोराने 250 डॉलरवर काढली, आणि पेढी जुनी वाटावी म्हणून नाव दिलं वडिलांचं, जे मास्तर होते. तेव्हाचे एजंट पेपरातली जागा स्वस्तात घेऊन वाटेल त्या भावाने विकायचे, खरा रेट गिऱ्हाइकाला कळायचाच नाही. आयरने 1870च्या दशकात खरा रेट दाखवून ठरलेलं कमिशन घ्यायला सुरुवात केली. आपल्या भाषेत, आडत उघड सांगून घेणारा आडत्या. केळीवाल्यांना यातली किंमत लगेच कळेल. मला तर हिऱ्यापेक्षा हेच मोठं काम वाटतं.

हिऱ्याचं काम 1938 ला आलं, डी बिअर्स या हिऱ्याच्या बड्या कंपनीकडून. मंदीत भाव पडलेले, त्यात मक्तेदारीच्या कायद्यामुळे डी बिअर्सला अमेरिकेत थेट धंदा करता येईना. म्हणून जाहिरात कुठल्या दुकानाची नाही, नुसत्या हिऱ्याची.

पारोळ्याची_ताई:
दादा, जाहिरातीपेक्षा पीआरने जास्त काम केलं हो. आयरमधल्या डोरोथी डिग्नम पेपरवाल्यांना बातम्या पुरवायच्या, कोणत्या नटीच्या बोटात केवढा हिरा ते. शाळांमधून मुलींसमोर साखरपुड्याच्या अंगठीवर व्याख्यानं सुद्धा ठेवली. आणि 1947 ला फ्रान्सिस गेरेटी या कॉपीरायटर बाईंनी रात्री उशिरा, दमलेल्या असताना ती ओळ लिहिली, 'अ डायमंड इज फॉरेव्हर'. स्वतः त्यांनी लग्न केलं नाही. 1999 मध्ये अ‍ॅडव्हर्टायझिंग एज मासिकाने ती शतकातली सर्वोत्तम स्लोगन ठरवली.

पण सावदेकर भाऊ, तुमचं उत्तर त्या ओळीतच आहे बघा. हिरा कायमचा, म्हणजे विकायचा नाही. लोकांनी जुने हिरे बाजारात आणले असते तर नव्याचा भाव टिकला नसता. आपल्याकडे दागिना म्हणजे घरातली बँक, तिथे दागिना मोडणं म्हणजे प्रेम मोडणं असं मनात भरवलं.

सावदेकर:
ताई, हे वाचून एकदम उजेड पडला. आता ती एजन्सी आहे का?

भुसावळ_लोकोशेड:
नाही. 1973 ला न्यूयॉर्कला गेली, अमेरिकन सैन्याची 'बी ऑल यू कॅन बी' ही घोषणा पण त्यांचीच. 1995 ला डी बिअर्सचं काम जे. वॉल्टर थॉम्पसनकडे गेलं, 2002 ला आयर बंद. हिऱ्याची ओळ मात्र अजून चालूय.

सावदेकर:
बहिणीला सांगितलं सगळं. अंगठी मोडून झालीच होती, हिरा मात्र त्या भावात दिला नव्हता, घरीच आहे. म्हणते राहू दे, पोरीच्या नथीत बसवू.