मानधन वाढलं ना, मग परत संप कशाला म्हणणाऱ्यांसाठी

खाडीकाठची:
डोंबिवलीच्या चाकरमान्यांनी काल लिहिलं की अंगणवाडी सेविकांना आता १३ हजार मिळतात, काम चार तासांचं, तरी युनियन उठसूट संप करून पोरांचा खाऊ बंद पाडते. डोकंच फिरलं वाचून. माझी जाऊ गुहागर तालुक्यात मदतनीस आहे. २०२३ च्या बजेटआधी मदतनिसाला ४४२५ रुपये होते, मग ५५००, २०२४ मध्ये ७५००. हे काय कुणी लाडाने दिलं? ४ डिसेंबर २०२३ ला बसलेला संप थेट जानेवारीपर्यंत ताणला होता बायकांनी, थंडीत आझाद मैदानावर. आणि वाढ दिली ती राज्याने. केंद्राने ठरवलेलं सेविकेचं मानधन ऑक्टोबर २०१८ पासून ४५०० वरच. राज्याकडे जा तर योजना केंद्राची, केंद्राकडे जा तर तुम्ही मानसेवी, म्हणजे पगारी नोकर नव्हेच. मग युनियनने बोलायचं कुणाशी, भिंतीशी?

डोंबिवलीचा चाकरमानी:
ताई, सगळं मान्य, पण तेवढे दिवस पोरांनी काय खायचं? माझी बायको इथे प्रायव्हेट बालवाडीत ९ हजारांवर राबते, तिला ना युनियन ना आझाद मैदान.

खाडीकाठची:
मग तिची युनियन काढा! तिला कमी मिळतं म्हणून माझ्या जावेलाही कमीच मिळावं, हा कुठला न्याय?

निवृत्त हेडमास्तर:
२०१८ मध्ये सरकारने यांना मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवेतल्यांना संपबंदी करणारा कायदा, लावला होता, ओरड झाल्यावर स्थगिती दिली. संप केला की अत्यावश्यक सेवा आणि पगार मागितला की स्वयंसेवक! पण खरा छळ त्या पोषण ट्रॅकरचा आहे, अंगणवाडीच्या नोंदी करायचं ते फोनवरचं ॲप. आता घरी न्यायच्या आहारासाठीसुद्धा घेणाऱ्याचा चेहरा त्यावर जुळवायचा. आमच्याकडे रेंज फक्त सड्यावर, वरच्या कातळाच्या पठारावर. मागे बघितलं, सेविका सात महिन्यांच्या पोटुशीला घेऊन पाखाडीच्या दगडी पायऱ्या चढतेय, वर जाऊन फोन इकडे धर तिकडे धर, ती बिचारी घाम पुसत उभी, आणि फोनवर नुसतं चाक फिरतंय.

डोंबिवलीचा चाकरमानी:
रेंजचा पगाराशी काय संबंध? टॉवरला जागा तुम्ही गाववालेच देत नाही.

आचऱ्याचो:
कोण देना नाय? आमच्या वाडयेत टॉवर येवचो होतो. सातबाऱ्यार नावांची ही रांग, अर्धी मुंबैक. चतुर्थीक येतत, भजनात बोंबलतत, जाताना नारळ नेतत. सही मागल्यार म्हणतत, बघूया पुढच्या येळाक!

डोंबिवलीचा चाकरमानी:
तोंड सांभाळून बोला. घराची कौलं आम्हीच परतवतो दरवर्षी, पैसे मुंबईतूनच येतात. आणि सही करून दिली की जमीन कोण ढापतो ते मी माझ्या आजोबांच्या काजूच्या बागेत बघितलंय.

आचऱ्याचो:
म्हणजे सही नायच. झाला मगे.

खाडीकाठची:
अहो, सातबारा ठेवा बाजूला! ग्रॅच्युइटीचं बोला. सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्येच सांगितलंय की सेविका-मदतनिसांना ती लागू होते. आयुष्यभर दुसऱ्यांची पोरं सांभाळून बाई घरी बसते तेव्हा हातात काय?

डोंबिवलीचा चाकरमानी:
बरं बाई, कोर्टच म्हणतंय तर द्या ग्रॅच्युइटी, मी कोण अडवणारा. पण संपाच्या दिवसांत खाऊ चालू ठेवा, एवढं तरी युनियनला सांगाल?

खाडीकाठची:
सांगते. तुम्ही सरकारला सांगा, पहिल्या आठवड्यात चर्चेला बसा म्हणावं.

निवृत्त हेडमास्तर:
आणि टॉवरचं काय ठरलं?