लेकरू सिंगापूरला सोबत न्यायचं की आजीपाशी ठेवायचं?
(सोलापूरकरांची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

सात रस्ता
प्रश्न सोलापुरातल्या घराघरांतला आहे. पोरगा किंवा पोरगी पुण्यात आयटीत, कंपनी दोन-तीन वर्षांसाठी सिंगापूरला पाठवते, लेकरू दीड-दोन वर्षांचं. आजी म्हणते, "इतकं लहान कुठं नेताय? राहू द्या माझ्यापाशी, तुमचं बस्तान बसलं की न्या."

माझं मत आधीच सांगून टाकतो. लेकरू सोबतच न्यावं, आणि न्यायचं तर याच वयात. तिथं पहिलीचा वर्ग मूल ज्या वर्षी सात वर्षांचं होतं त्या वर्षी सुरू होतो. तोवर परत आलात तर शाळेचं काही मोडत नाही. उलट सहा वर्षांचं मूल घेऊन जाणाऱ्याची खरी पंचाईत, कारण सरकारी शाळेत परदेशी मुलांचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो आणि जागेची खात्री नसते.

राहणीमानही दीड वर्षाच्या जिवाला सोयीचं. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४३-४४ वर, तिथं बाराही महिने दुपारी ३१-३२ आणि रात्री २५ च्या आसपास. नळाचं पाणी न उकळता पितात, आणि ते रोज येतं (चार-पाच दिवसांआड पाणी भरणाऱ्यांना वेगळं सांगायला नको). मेट्रोच्या स्टेशनांवर लिफ्ट आहेत. २०१७ पासून बसमध्ये प्रॅम न मिटता चढवता येते. ९० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीचं मूल मोठ्या माणसासोबत फुकट जातं. फक्त मेट्रोत खायला-प्यायला बंदी आहे, दंड ५०० डॉलरपर्यंत (इथून पुढचे सगळे डॉलर सिंगापूरचे). तेव्हा बिस्किटाचा पुडा स्टेशनबाहेरच संपवायचा.

शेंगाचटणी
लिफ्ट आणि प्रॅम ठीक आहे हो दादा, पण आधी पगाराचा आकडा विचारा की. २०२५ पासून तिथला एम्प्लॉयमेंट पास (नोकरीचा परवाना) महिना ५,६०० डॉलर पगारापासून मिळतो, वय वाढेल तसा हा आकडाही वाढतो. बायको-मुलासाठी डिपेंडंट पास काढायला मात्र पगार किमान ६,००० लागतो, तोही ठरलेला मासिक. बोनस धरत नाहीत. म्हणजे ५,८०० ची ऑफर घेऊन नाचत आलेला पोरगा स्वतः जाऊ शकतो, लेकराला नेऊ शकत नाही. हे कळतं ते घर भाड्यानं ठरवल्यावर.

दुसरं म्हणजे १ मे २०२१ पासून डिपेंडंट पासवर नोकरी करता येत नाही. आधी एक परवानगीपत्र पुरायचं, आता स्वतःचा वेगळा वर्क पास लागतो. पुण्यात नोकरी करणारी सून तिथं चौदाव्या मजल्यावर लेकरू सांभाळत बसते. "लेकरू सोबत न्या" याचा खरा अर्थ बऱ्याच घरांत "आईनं नोकरी सोडा" असा होतो. तेवढं स्पष्ट बोला, मग चर्चा करू.

सात रस्ता
आकडा मान्य. पण त्यावर उपाय आहे. ऑफर लेटरवर सही करण्याआधीच एचआरशी बोलून घरभाड्याचा किंवा दुसरा भत्ता दर महिन्याच्या ठरलेल्या पगारात बसवून घ्यायचा. सही झाल्यावर कोण ऐकतंय? आणि आईला नोकरी करायची असेल तर डे-केअर आहेच. दीड वर्षापासून चाइल्ड केअर, त्याच्या आत इन्फंट केअर. सकाळी ७ ते संध्याकाळी ७.

शेंगाचटणी
आहेच, पण कुणासाठी? सरकारी सबसिडी फक्त तिथल्या नागरिकांच्या मुलांना. परदेशी मुलाला पूर्ण फी, आणि पूर्ण दिवसाची फी महिना हजार डॉलरच्या वर सहज जाते. वर नावनोंदणी, डिपॉझिट, गणवेश.

लष्कर लाइन
मग मदतनीस ठेवा. परदेशी नोकरदारालाही ठेवता येते. सरकारला महिन्याला ३०० डॉलर लेव्ही भरायची. ६० डॉलरचा सवलतीचा दर नागरिकांच्या घराला आहे, आपल्याला नाही. त्याशिवाय ५,००० डॉलरचा बाँड, तिचा विमा, पगार, राहणं-खाणं आणि आठवड्याची सुट्टी. बाँड म्हणजे रोख भरायची रक्कम नव्हे, विमा कंपनीकडून हमी घेतात.

शेंगाचटणी
दोन खोल्यांच्या घरात तिला झोपायला जागा कुठं देणार, तेही लिहा.

कडक भाकरी
पैशावर भांडण चालू द्या, मी कागदांचं लिहितो. लोक अडकतात ते तिथं, आणि ही सगळी कामं सोलापुरातच उरकायची आहेत.

जन्मदाखला काढून बघा. महापालिकेच्या दाखल्यावर बाळाच्या नावाची जागा पुष्कळदा कोरी असते, कारण बारशाआधी नोंद झालेली असते. नाव पहिल्या वर्षात विनाशुल्क टाकता येतं, नंतर उशिराचं शुल्क भरून. आई-वडिलांच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग त्यांच्या पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. वडिलांच्या पासपोर्टवर मधलं नाव आहे आणि दाखल्यावर नाही, एवढ्यावरूनही अर्ज परत येतो. ही दुरुस्ती पासपोर्टच्या अर्जाआधी करा, नंतर केली तर पासपोर्टही बदलावा लागेल.

लेकराचा पासपोर्ट पोस्टातल्या केंद्रात होतो, पुण्याला जायची गरज नाही. दोन्ही पालकांच्या सह्यांचं ॲनेक्शर डी (संमतीचं घोषणापत्र) लागतं. चार वर्षांच्या आतल्या मुलाचा फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा घरूनच न्यायचा. पासपोर्ट पाच वर्षांचा मिळतो.

आता लसी. बारा वर्षांपर्यंतच्या परदेशी मुलाला तिथला दीर्घ मुदतीचा पास हवा असेल तर गोवर आणि घटसर्प या दोन लसींचे पुरावे आधी तपासून घ्यावे लागतात. फेब्रुवारी २०१९ पासूनचा नियम आहे. अडचण अशी की आपल्याकडं सरकारी दवाखान्यात गोवर-रुबेलाचा पहिला डोस नवव्या महिन्यात देतात, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. तिथलं वेळापत्रक एमएमआरचं (गोवर, गालगुंड, रुबेला एकत्र), पहिला बाराव्या महिन्यात आणि दुसरा पंधराव्या. म्हणजे नवव्या महिन्याचा डोस त्यांच्या वेळापत्रकात बसतच नाही. लेकरू चौदा महिन्यांचं असेल आणि कार्डावर फक्त नवव्या महिन्याची नोंद असेल, तर बालरोगतज्ज्ञांना आधीच विचारून एमएमआर द्यावी. दोन डोसांत किमान चार आठवड्यांचं अंतर लागतं, म्हणून निघायच्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही.

आणि ते कार्ड. अंगणवाडीतल्या कार्डावर निळ्या पेनानं "गोवर १" लिहून खाली फक्त दिवस-महिना टाकलेला असतो, वर्ष नसतं. बाळाच्या नावाच्या जागी "बेबी ऑफ" आणि आईचं नाव. हे स्कॅन करून पाठवलं तर समोरच्याला काय कळणार? डॉक्टरांकडून लेटरहेडवर इंग्रजीत टाइप करून घ्या: पासपोर्टवरचं नाव, जन्मतारीख, लसीचं नाव, पूर्ण तारीख, सही, शिक्का, नोंदणी क्रमांक.

विजापूर वेस
भाकरीकाका, एकच नंबर. पण सगळे कागद झाले तरी माझं मत "नेऊ नका"च. निदान पहिले सहा महिने तरी नको.

कारण आजारपण. डे-केअरमध्ये नवं गेलेलं मूल पहिले काही महिने सारखं सर्दी-ताप घेऊन येतं. हे सगळीकडंच होतं. तिथं वर हँड फूट माउथ आहे, हातापायांवर फोड आणि तोंडात व्रण येणारा. रोज सकाळी दारात शिक्षिका लेकराचे तळहात उलटून बघतात, तोंड उघडायला लावतात, ताप मोजतात. काही दिसलं तर दारातूनच परत. मग साधारण आठवडाभर घरी, आणि फी त्या आठवड्याचीही चालूच.

आता सुट्टीचा हिशेब करा. मूल तिथलं नागरिक नसेल तर कायद्यानं पालकाला मुलासाठी वर्षाला दोन दिवस रजा मिळते. नागरिकांच्या मुलासाठी सहा. आठवड्याचं आजारपण आणि दोन दिवसांची रजा, हा मेळ दोघं नोकरी करणाऱ्या घरात बसत नाही.

आजीला बोलवून घेऊ म्हणाल, तर भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो आणि मुक्काम साधारण महिन्याचा मिळतो. मुदतवाढ मागावी लागते, मिळेलच असं नाही. आई-वडिलांना दीर्घ मुदतीचा पास काढायचा तर पगार १२,००० डॉलर पाहिजे. म्हणजे ज्या घराला आजीची सगळ्यात जास्त गरज, त्याच घराला ती राहायला मिळत नाही.

सात रस्ता
विजापूर वेस, तुमचा हा मुद्दा मी सोडून दिला होता, आणि तो माझ्या मताच्या विरोधात जातो. लेकरू नेणं शक्य आहे का, हे "आजारपणात तिसरा माणूस कोण" यावर ठरतं, भाडं आणि फी नंतर. ज्यांच्याकडं त्याचं उत्तर नाही त्यांनी आईची नोकरी, मदतनीस किंवा आजीचा महिना यातलं काहीतरी तिकिटाआधी ठरवावं. पण सहा महिने ठेवून जाणं मला तरीही पटत नाही. दीड-दोन वर्षांचं मूल आईपासून तुटून राहायला शिकतं, आणि मग पुन्हा आजीपासून तुटतं. एकाऐवजी दोनदा.

विजापूर वेस
मी आईपासून तोडा म्हणालो का? आई आणि लेकरू दोघं सोलापुरात राहू देत की. बाप आधी जाऊ दे, घर, डे-केअरची जागा, डॉक्टर सगळं बघू दे. डिपेंडंट पास नंतरही काढता येतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात सुमात्रातल्या जंगल-आगींचा धूर येतो तो काळही टळेल. प्रत्येक वर्षी येत नाही, पण जून २०१३ मध्ये तिथल्या प्रदूषण निर्देशांकानं ४०१ गाठलं होतं. त्याच त्या हवेत दोन वर्षांच्या पोराला बंद खोलीत कोंडून बसायचं का?

लष्कर लाइन
हे जमण्यासारखं आहे. फक्त भाडेकराराकडं बघा. दोन वर्षांच्या करारात डिप्लोमॅटिक क्लॉज घालून घ्या, म्हणजे नोकरी गेली किंवा परत यावं लागलं तर एक वर्षानंतर दोन महिन्यांची नोटीस देऊन सुटता येतं. नाहीतर उरलेलं भाडं गळ्यात. करारावर स्टॅम्प ड्यूटी एकूण भाड्याच्या ०.४ टक्के, ती भाडेकरू भरतो.

चावी घेण्याआधी खिडक्या बघा. उंच इमारत, सरकत्या काचा, आणि कित्येक घरांत ग्रिल नसतं. आपल्याकडं गज नसलेली खिडकी दिसत नाही, त्यामुळं लक्षातच येत नाही. मालकाकडून ग्रिल बसवून देणार असं करारातच लिहून घ्या. खिडकीखाली सोफा किंवा पलंग ठेवायचा नाही, लेकरू त्यावरून चढतं.

पाण्याची एक सवय इथंच सोडून जा. पिंपं, बादल्या, घागरी भरून ठेवायचं काम नाही. डेंग्यू तिथंही आहे, कुंडीखालच्या ताटलीत अळी सापडली तरी घरमालकाला किंवा राहणाऱ्याला दंड होतो. तपासनीस घरात येऊन बघतात.

हुरडा पार्टी
आणि चादरी! सोलापूरचं माणूस परदेशी निघालं की दोन चादरी आणि जाडजूड टर्किश टॉवेल बॅगेत जाणारच. तिथल्या दमट हवेत जाड टॉवेल दिवसभर वाळत नाही, दुसऱ्या दिवशी आंबूस वास, आठवड्यात काळे ठिपके. लेकराच्या अंगावर घामोळं असताना तर नकोच. चादर एसीत पांघरायला एक पुरे. लेकरासाठी जुन्या धोतराची पातळ दुपटी आणि पंचे न्या, तासाभरात वाळतात.

जेवणाचं फार टेन्शन घेऊ नका. ज्वारीचं पीठ, नाचणी, तूरडाळ लिटल इंडियात मिळते. डे-केअरला मात्र "शाकाहारी" म्हणून सोडू नका. अंडं चालतं का, सूप कशाचं असतं, वाढदिवसाच्या केकचं काय, तिन्ही वेगळे विचारा.

शेंगाचटणी
भाषेचं कुणीच बोललं नाही. घरात मराठी, आजीचं तेलुगू किंवा कानडी, डे-केअरला इंग्रजी आणि चिनी. पोरगं बोलायचंच थांबेल.

विजापूर वेस
इथं मी सात रस्तांच्या बाजूनं. जास्त भाषांमुळं बोलणं खुंटतं हा गैरसमज आहे. आपल्या पद्मशाली आणि लिंगायत घरांतली पोरं तीन भाषा ऐकतच मोठी होतात की. शब्द मोजायचे तर सगळ्या भाषांचे मिळून मोजा, "पाणी" आणि "वॉटर" दोन्ही धरा. दोन वर्षांचं झालं तरी दोन शब्द जोडून ("बाबा ये") कुठल्याच भाषेत बोलत नसेल तर डॉक्टरांना दाखवा, थांबू नका.

मराठी टिकवायची ती मात्र घरीच. तिथल्या शाळांत तमिळशिवाय पाच भारतीय भाषा चालतात: हिंदी, गुजराती, पंजाबी, बंगाली, उर्दू. मराठी त्यात नाही. महाराष्ट्र मंडळ आहे, सणवार होतात, पण रोजची मराठी तिथून येत नाही.

सात रस्ता
आणि आजीच्या फोनची वेळ आधीच ठरवा. तिथलं घड्याळ अडीच तास पुढं. आजी देवापुढं दिवा लावून साडेसातला फोन करते तेव्हा तिथं दहा वाजलेले असतात, लेकरू झोपेत किंवा किरकिरं. तिथली संध्याकाळचे सहा ही बरी वेळ, पण तेव्हा इथं दुपारचे साडेतीन आणि आजीची झोप.

शेंगाचटणी
झोप मोडेल की आजी, त्यात काय. माझं मत तेच आहे: सहा हजार पगार आणि तिसरा माणूस, दोन्ही असतील तर न्या, एक नसेल तर बापानं आधी जावं.

कडक भाकरी
जाता जाता एक राहिलं. टॅक्सीला मुलाच्या कारसीटची सक्ती नाही, पण ॲपवरून बोलावलेल्या खाजगी गाडीला आहे, १.३५ मीटरच्या आतल्या मुलासाठी. विमानतळावरून दोन बॅगा आणि झोपलेलं लेकरू घेऊन निघताना सरळ टॅक्सीची रांग धरा. आणि आजी डिंकाचे लाडू देणारच. देऊ द्या, फक्त त्यात खसखस घालू नका म्हणावं. तिथं ती अमली पदार्थांच्या नियमात येते, परवानगीशिवाय नेता येत नाही.

हुरडा पार्टी
खसखशीशिवाय डिंकाचा लाडू? हे आजीला कोण सांगणार बे?