सत्ताविभाजन म्हणजे नक्की कशाचं विभाजन?

मूळ प्रश्न

अमेरिकी राज्यघटनेवरचं एक प्रकरण मराठीत आणतोय आणि पहिल्याच परिच्छेदात गाडी रुतली आहे. मूळ मजकुरात दोन विधानं आहेत. एक, घटना 'गव्हर्नमेंट'च्या तीन 'ब्रँचेस'मध्ये सत्ता वाटते. दोन, तीच घटना केंद्र आणि राज्यं यांच्यातही सत्ता वाटते. मी दोन्हीकडे 'सत्तेचं विभाजन' लिहून मोकळा झालो. घरी वाचून दाखवलं तर विचारणा झाली, "एकदा विभाजन झाल्यावर परत विभाजन कसलं?" शिवाय 'सरकारच्या तीन शाखा' हे बँकेबद्दल चाललंय असं वाटतं. कसं सोडवायचं?

उत्तर

'शाखा' काढाच. शाखा म्हटली की तिच्या वर कुठेतरी मुख्य कचेरी असणार, आणि इथे ती नाही. १७८७ साली लिहिलेल्या त्या घटनेचं पहिलं कलम कायदे करण्याची सत्ता काँग्रेसला, म्हणजे तिथल्या कायदेमंडळाला देतं, दुसरं अंमलबजावणीची सत्ता अध्यक्षाला, तिसरं न्यायदानाची सत्ता न्यायालयांना. तिघांचीही सनद थेट घटनेकडची आहे, एकाने दुसऱ्याला नेमून दिलेली नाही. नागरिकशास्त्रात आपण 'शासनसंस्थेची तीन अंगे' शिकलो, तेच वापरा: कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ.

पण शाखेपेक्षा मोठी गोची 'सरकार' या शब्दात आहे. आपण 'सरकार पडलं' म्हणतो तेव्हा मंत्रिमंडळ पडलेलं असतं, न्यायालयं जागेवरच असतात. 'न्यायालयाने सरकारला फटकारलं' हा मथळा कुणालाही विचित्र वाटत नाही, कारण मराठी मनात न्यायालय सरकारच्या बाहेर उभं आहे. अमेरिकी 'गव्हर्नमेंट'मध्ये मात्र ते आत आहे, काँग्रेसही आत आहे. त्यामुळे 'सरकारचं न्यायमंडळ' लिहिलंत की वाचकाला न्यायाधीश सरकारी नोकर वाटू लागतील. 'शासन' हा शब्दही सोडवत नाही. 'शासन निर्णय' निघतो तो मंत्रालयातून. म्हणून तिन्ही अंगं मिळून जे होतं त्याला 'शासनसंस्था', आणि फक्त कार्यकारी अंगाला 'सरकार'. एवढा नियम पाळलात तरी निम्मं प्रकरण सुधारेल.

प्रश्नकर्ता

पटलं. पण मग दोन विभाजनांचं काय? एकीला 'शक्ती पृथक्करण' म्हणू का? एका हिंदी पुस्तकात तसं दिसलं.

एक प्रतिसाद

नको हो! हिंदीत ते ठीक असेल. मराठीत 'पृथक्करण' म्हणजे प्रयोगशाळेत मिश्रणातले घटक शोधणं, आणि 'शक्ती' म्हणजे टॉनिकच्या बाटलीवर लिहिलेली असते ती. 'शक्ती पृथक्करण' वाचून मला औषधाचा अहवाल आठवला.

आधीच्या उत्तराचा पुढचा भाग

'अधिकार' शब्दाबद्दलही सावध राहा. मराठीत तो दोन घरं सांभाळतो: नागरिकाचा अधिकार आणि अधिकाऱ्याचा अधिकार. 'अधिकारांचं विभाजन' म्हटलं की नागरिकांचे अधिकार कुणीतरी कापले असं वाटू शकतं. सुदैवाने मराठीकडे 'हक्क' आहे. हिंदी 'मूल अधिकार' म्हणते, आपण 'मूलभूत हक्क' म्हणतो. नागरिकाकडे असतो तो हक्क, पदाकडे असतो तो अधिकार, आणि घटना जी वाटते ती सत्ता, असे तीन खण करून ठेवा.

आता दोन विभाजनं. या दोन वेगळ्या दिशा आहेत. एक आडवी: एकाच पातळीवरच्या तीन अंगांमध्ये. दुसरी उभी: संघ आणि घटक राज्यं या दोन पातळ्यांमध्ये. त्या घटनेच्या प्रमुख शिल्पकारांपैकी एक असलेल्या जेम्स मॅडिसनने १७८८ मध्येच हे नीट मांडलं होतं. त्याचं म्हणणं असं, की संयुक्त गणराज्यात जनतेने दिलेली सत्ता आधी दोन वेगळ्या शासनांत विभागली जाते आणि मग प्रत्येकाच्या वाट्याचा भाग पुन्हा वेगवेगळ्या खात्यांत विभागला जातो, त्यामुळे लोकांच्या हक्कांना दुहेरी संरक्षण मिळतं. म्हणजे तुमच्या घरातल्या प्रश्नाचं उत्तर 'हो, विभाजनानंतर पुन्हा विभाजन' असंच आहे!

आपल्याकडेही या दोन गोष्टी वेगळ्या मोजल्या गेल्यात. १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात सरन्यायाधीश सिक्री यांनी घटनेच्या मूलभूत संरचनेची, म्हणजे संसदेलाही मोडता न येणाऱ्या गाभ्याची, लक्षणं सांगताना तीन अंगांमधलं सत्ताविभाजन आणि घटनेचं संघीय स्वरूप ही दोन वेगवेगळी लक्षणं दिली. तिथे एकच शब्द चालला नसता. मी आडव्या दिशेला 'सत्ताविभाजन' ठेवतो, कारण तो शब्द त्याच अर्थाने रुळलाय, आणि उभ्या दिशेला 'अधिकारक्षेत्रांची विभागणी'. आपल्या घटनेतल्या संघसूची, राज्यसूची आणि समवर्ती (दोघांची सामाईक) सूची ही त्या विभागणीची यादी.

दुसरा प्रतिसाद

'सत्ताविभाजन' रुळलाय हे मान्य, पण तो चुकीचा रुळलाय असं माझं जुनं रडगाणं आहे. विभाजन किंवा वाटणी झाली की ज्याचं त्याचं वेगळं होतं. भावाभावांत वाटणी झाली की मधे बांध पडतो आणि पलीकडे पाऊल टाकायचं नसतं. संघीय घटनेत असा बांध कुठेच नीट घातलेला नाही.

अमेरिकेतलं एक साधं विधेयक घ्या. प्रतिनिधीगृह आणि सिनेट या काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं, मग ते अध्यक्षाकडे जातं. कायदा करणं हे कायदेमंडळाचं काम असेल तर कार्यकारी प्रमुखाच्या टेबलावर ते का? तर त्याला नकाराधिकार आहे. रविवार वगळून दहा दिवसांत त्याने आक्षेपांसह परत पाठवलं तर दोन्ही सभागृहांना दोन तृतीयांश मतांनी ते पुन्हा मंजूर करता येतं. दहा दिवस तसेच जाऊ दिले तर सहीविना कायदा होतो. पण त्या दहा दिवसांत काँग्रेसच स्थगित झाली असेल तर विधेयक त्याच्या खिशातच मरतं, कायदा होत नाही. आता हा अध्यक्ष कायदेमंडळाचा भाग आहे की नाही? नाही. पण कायदा करण्यात त्याचा वाटा आहे. तसंच न्यायाधीश नेमतो अध्यक्ष, पण सिनेटच्या संमतीने. तह करतो अध्यक्ष, पण सिनेटच्या दोन तृतीयांश संमतीविना तो पक्का होत नाही. आणि सिनेटचा पीठासीन अधिकारी कोण? उपाध्यक्ष, म्हणजे कार्यकारी अंगातला माणूस.

म्हणून मला 'वाटणी' आणि 'वाटा' यांतला फरक महत्त्वाचा वाटतो. संस्था वेगळ्या, सत्तेत मात्र प्रत्येकाचा वाटा. फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यूने १७४८ मध्ये तीन सत्ता एका हाती नकोत म्हटलं, तेव्हा अमेरिकी घटनेच्या विरोधकांनी तेच तिच्यावर उगारलं: बघा, इथे तर सगळी सरमिसळ आहे. मॅडिसनचं उत्तर होतं, की एका अंगाची अख्खी सत्ता दुसऱ्याच्या हाती जाऊ नये, एवढंच माँतेस्क्यूला अभिप्रेत होतं; एकमेकांच्या कामात थोडा हात असायला हरकत नाही.

प्रश्नकर्ता

मग 'चेक्स अँड बॅलन्सेस'ला 'नियंत्रण व संतुलन' लिहिलंय तेही बदलू?

दुसरा प्रतिसाद (पुढे)

मी बदलेन. नियंत्रण म्हणजे सूत्रं हातात असणं. न्यायालयाने कायदा रद्द केला म्हणून काँग्रेस न्यायालयाच्या नियंत्रणात जात नाही. कुणीच कुणाला चालवत नाही, फक्त अडवू शकतो. मराठीत त्याला 'अंकुश' आहे. 'परस्पर अंकुश आणि समतोल' हे कानाला नवं वाटेल, अर्थाला चोख बसतं. परीक्षार्थी मात्र 'नियंत्रण व संतुलन'च शोधणार, तेव्हा पहिल्यांदा येईल तिथे तेही एकदा देऊन टाका.

तिसरा प्रतिसाद

मूळ प्रश्नात 'केंद्र आणि राज्यं' आलंय त्याकडे कुणाचं लक्ष नाही? अमेरिकेला 'केंद्र सरकार' लावू नये. केंद्र म्हटलं की बाकीचे परिघावर. तिथे दहाव्या घटनादुरुस्तीने (१७९१) संघाला न दिलेली आणि राज्यांना न नाकारलेली सत्ता राज्यांकडे किंवा जनतेकडे राखून ठेवली आहे. 'संघ सरकार' किंवा 'संघीय सरकार' म्हणा.

भारतासाठीसुद्धा आपल्या घटनेतला शब्द 'युनियन' आहे. 'सेंट्रल गव्हर्नमेंट'ची व्याख्या मिळते ती १८९७ च्या सर्वसाधारण वाक्यखंड अधिनियमात. २०२१ मध्ये तमिळनाडूत यावरून चांगलंच रान पेटलं होतं. नव्या राज्य सरकारने 'मत्तिय अरसु' म्हणजे केंद्र सरकार सोडून 'ओंद्रिय अरसु' म्हणजे संघ सरकार म्हणायला सुरुवात केली. मराठीत 'केंद्र' इतकं मुरलंय की 'संघाने निधी दिला' असं लिहिलं तर वाचकाला भलताच संघ आठवेल. त्यामुळे भारतासाठी 'केंद्र' चालू द्या, अमेरिकेसाठी नको.

आणि 'संघराज्य' व 'राज्यसंघ' यांची अदलाबदल करू नका. समास उलटला की घटनाच उलटते. राज्यांचा संघ तो राज्यसंघ. त्यात राज्यं खरी, संघ त्यांनी जमवलेला. संघरूप राज्य ते संघराज्य. त्यात अख्खं मिळून एक राज्य. अमेरिका १७८१ मध्ये राज्यसंघ म्हणून सुरू झाली, तिथल्या काँग्रेसला स्वतः कर बसवण्याची सोय नव्हती, आणि १७८९ पासून नव्या घटनेखाली संघराज्य झाली. जुन्या मराठी लेखनात तिला 'संयुक्त संस्थाने' म्हणत. आता संस्थान म्हटलं की राजा आणि हत्ती डोळ्यांसमोर येतात, तेव्हा तो शब्द गेला ते बरं झालं.

गंमत म्हणजे आपल्या घटनेचा पहिलाच अनुच्छेद भारत हा 'राज्यांचा संघ' असेल असं म्हणतो. शब्दशः पाहिलं तर राज्यसंघ! पण डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत याचा खुलासा केला होता: हा संघ राज्यांनी आपसांत करार करून बनलेला नाही, त्यामुळे कुठल्याही राज्याला त्यातून फुटून निघता येणार नाही. म्हणजे शब्द सैल संघाचा आणि आशय घट्ट राज्याचा. उरलेली सत्ताही आपल्याकडे २४८ व्या अनुच्छेदाने संसदेकडे जाते, अमेरिकेच्या बरोबर उलट. स्वित्झर्लंडचंही असंच, १८४८ पासून संघराज्य आहे, नाव अजून राज्यसंघाचंच लावतात.

एक प्रतिसाद

आडवी आणि उभी हे ऐकायला छान आहे, पण जर्मनी बघितलं की रेघा एकमेकींत अडकतात. तिथलं बुंडेसराट, म्हणजे राज्यांचं सभागृह, संघाच्या कायद्यांत भाग घेतं, आणि त्यात बसतात कोण? राज्य सरकारांचे प्रतिनिधी. राज्यांचं कार्यकारी अंग संघाच्या कायद्याच्या कामात. शिवाय संघाचे बहुतेक कायदे राबवतात राज्यंच. १९४९ च्या घटनेत हे मुद्दाम विणलंय. त्याला विभाजन म्हणा नाहीतर विभागणी, गोधडी म्हटलं तर जास्त जवळ जाईल.

उत्तर

गोधडी घेतली! पण छापू नका.

प्रश्नकर्ता, पुढे तुम्हाला तीन खड्डे लागणार आहेत, आत्ताच सांगतो. पहिला 'अध्यादेश' किंवा 'वटहुकूम'. अमेरिकी अध्यक्षाच्या 'एक्झिक्युटिव्ह ऑर्डर'ला बातम्यांत सर्रास हे शब्द लावतात. आपल्या १२३ व्या अनुच्छेदातला अध्यादेश हा तात्पुरता कायदाच असतो, संसद पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांनी आपोआप विरणारा. अमेरिकी अध्यक्षाचा आदेश कायदा नव्हे. घटनेने किंवा काँग्रेसने दिलेल्या अधिकाराच्या आत राहून तो यंत्रणेला हुकूम सोडतो. 'कार्यकारी आदेश' एवढंच लिहा.

दुसरा 'महाभियोग'. 'अध्यक्षावर महाभियोग झाला' वाचून लोक विचारतात, मग तो पदावर कसा? अभियोग म्हणजे आरोप, शब्द स्वतःच सांगतोय. प्रतिनिधीगृह साध्या बहुमताने आरोप ठेवतं, सिनेट खटला चालवतं, दोषी ठरवायला दोन तृतीयांश लागतात. १८६८ मध्ये अँड्र्यू जॉन्सन, १९९९ मध्ये क्लिंटन आणि २०२० व २०२१ मध्ये ट्रम्प या सगळ्यांची सिनेटमध्ये सुटका झाली. आपल्याकडेही घटनेत 'इम्पीचमेंट' फक्त राष्ट्रपतींसाठी आहे, ६१ व्या अनुच्छेदात. न्यायाधीशांबाबत १२४ वा अनुच्छेद पदावरून दूर करणं एवढंच म्हणतो. 'न्यायाधीशांवर महाभियोग' हा वर्तमानपत्री शब्द.

तिसरा, आणि यावर माझ्याकडेही उत्तर नाही: 'मंत्री'. आपल्याकडे मंत्री संसदेचा सदस्य असावा लागतो. नसला तर सलग सहा महिन्यांनंतर पद जातं. अमेरिकेत नेमकं उलट, पदावर असताना काँग्रेसचं सदस्य राहताच येत नाही. एखाद्या सिनेटरला परराष्ट्र खात्यात घ्यायचं तर त्याने सिनेट सोडायची. 'परराष्ट्रमंत्री' लिहिलं की हा सगळा सत्ताविभाजनाचा मुद्दा शब्दाखाली गाडला जातो. 'परराष्ट्र सचिव' लिहिलं तर वाचकाला सनदी अधिकारी दिसतो.

तिसरा प्रतिसाद

मंत्रीच लिहा आणि पहिल्यांदा कंसात एक ओळ घाला. 'राष्ट्रपती' आणि 'राष्ट्राध्यक्ष' जशी मराठीने आपोआप वेगळी केली, भारताचे राष्ट्रपती आणि अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष, तशी सोय इथे कुणी केली नाही.

प्रश्नकर्ता

सगळ्यांचे आभार. पहिला परिच्छेद आता असा झालाय: "अमेरिकी संघराज्याची घटना सत्ता दोन दिशांनी विभागते. संघ आणि घटक राज्यं यांच्यात ती अधिकारक्षेत्रांची विभागणी करते. मग संघाच्या शासनसंस्थेची तीन अंगे वेगळी ठेवते, पण प्रत्येकाला दुसऱ्याच्या कामात अडवण्यापुरता वाटा देते." 'विभाजन' शब्द एकदाही आला नाही, हे आत्ता टंकताना लक्षात आलं.

फक्त एक, 'राज्यं' लिहिलंय तर 'अंगे' का? 'अंगं' नको का?

उत्तर

छापायचं असेल तर दोन्हीकडे एकारान्त करा, राज्ये आणि अंगे. 'तीन अंगं वेगळी' वाचून माझ्या डोळ्यांसमोर शवविच्छेदनाचं टेबल आलं.