बराकीतल्या तापाचा सोमवारचा उसळता आकडा कसा वाचायचा?

छेदस्थान:
प्रशिक्षण केंद्रात 900 रंगरूट, आठ बराकी. सिक रिपोर्टच्या (आजारी म्हणून तपासणीला येणाऱ्यांच्या) वहीतून ताप-खोकल्याचे रुग्ण रोज मोजतो. दर सोमवारी आकडा उसळतो, बुधवारपर्यंत उतरतो. ही खरी वाढ की नोंदीचा दोष? आणि साथ म्हणायची ती कोणत्या आकड्याला?

लाइनलिस्ट:
बहुतेक नोंदीचाच दोष. वहीत रंगरूट आला कधी ते असतं, दुखणं सुरू कधी झालं ते नसतं. शनिवार-रविवारी अंगावर काढलेलं सगळं सोमवारी रांगेत उभं राहतं. लक्षणं सुरू झाल्याच्या तारखेवर आलेख काढा, तो सुळका बराच सपाट होईल.

व्याख्या एकच ठेवा: ताप 38 अंश सेल्सियस किंवा जास्त, सोबत खोकला किंवा घसादुखी. मधेच बदललीत तर आधीच्या आठवड्यांशी तुलना संपली. ताप मोजण्याआधी पॅरासिटामॉल घेतली का, किती वाजता, हे विचारायलाच हवं. पहाटे चारला गोळी घेतलेल्याचा पारा सहाला 37.2 दाखवतो आणि तो यादीतून गळतो. असे चार-पाच गळले की साथीची सुरुवातच दिसत नाही.

पलटणमोज:
मला जास्त काळजी छेदाची, म्हणजे रुग्णांना ज्या संख्येने भागता तिची वाटते. 240 च्या कंपनीत आठवड्यात 6 रुग्ण म्हणजे शंभरी 2.5. पण त्यातले 120 जण आठवडाभर सरावाला बाहेर असतील आणि सहाही रुग्ण बराकीत राहिलेल्यांतले असतील, तर खरा दर शंभरी 5. म्हणून रोजच्या हजेरीवरून माणूस-दिवस (रोज हजर असलेल्यांची बेरीज) धरा, मंजूर संख्येवरून नको.

अमेरिकी रंगरूट छावण्यांमध्ये श्वसनाच्या तापासाठी आठवड्याला शंभरी 1.5 ही साथीची रेघ वापरली गेली आहे. ती जशीच्या तशी उचलू नका. तिथे अ‍ॅडिनोव्हायरस (ताप-खोकला आणणारा विषाणू) प्रकार 4 आणि 7 वरची तोंडाने घ्यायची लस 1971 पासून होती. 1996 मध्ये उत्पादन थांबलं, 1999 पर्यंत साठा संपला आणि आजार परतला. 2011 मध्ये लस पुन्हा सुरू झाली. लस आहे की नाही यावर नेहमीची पातळीच बदलते, त्यामुळे आपल्याच मागच्या तुकड्यांचे आठवडे आधी मांडा. तुकडी कितव्या आठवड्यात आहे तेही जुळवून पाहा.

छेदस्थान:
माणूस-दिवस आजच सुरू करतो. पण मागच्या तुकडीत टाकतील या भीतीने मुलं ताप लपवतात, त्याचं काय?

लाइनलिस्ट:
मग वहीवर विसंबू नका. संध्याकाळच्या हजेरीला थर्मामीटर फिरवा, पीटीला गैरहजर कोण ते पाहा, ताप-सर्दीच्या गोळ्यांचा खप मोजा. लपवणं नसलं तरी वही अपुरीच. 2020 मध्ये थिओडोर रुझवेल्ट या विमानवाहू नौकेवरच्या 4,779 जणांपैकी 1,271 जणांना कोविडची लागण आढळली. त्यातल्या सुमारे 77 टक्क्यांना चाचणीच्या वेळी लक्षणंच नव्हती.

खाटनकाशा:
यादीत कंपनीसोबत बराक आणि खाटेचा क्रमांकही घ्या. कंपनीनिहाय विखुरलेले रुग्ण खाटांच्या नकाशावर एकाच ओळीत सापडतात. शेजारच्या खाटांवर एकाचं डोकं तर दुसऱ्याचे पाय, असं झोपवायचं ते याचसाठी.

नमुने नव्या रुग्णांचे घ्या, लक्षणांच्या पहिल्या 72 तासांतले. व्हायरल ट्रान्सपोर्ट मीडियममध्ये (विषाणूचा नमुना टिकवणाऱ्या द्रवात) ठेवा, 2 ते 8 अंश. प्रयोगशाळेत 72 तासांत पोचणार नसेल तर उणे 70 अंशांत ठेवावे लागतात, घरगुती फ्रीजरमध्ये नाही.

मेनिंजोकॉकसला (मेंदूज्वर आणणारा जिवाणू) मात्र दर-बिर बघत बसू नका. तापासोबत मान आखडली किंवा दाबूनही न फिकटणारे जांभळे डाग दिसले, तर एक रुग्णसुद्धा पुरेसा. त्याला तिथूनच इस्पितळात हलवा. खाटेशेजारच्यांना प्रतिबंधक औषध शक्यतो 24 तासांत मिळायला हवं.

आणि पासिंग आउट झालेल्यांची यादी बंद करू नका. अ‍ॅडिनोव्हायरसचा अधिशयन काळ, म्हणजे लागण ते लक्षणं, 2 ते 14 दिवसांचा. ज्या युनिटला ती पोरं गेली तिथल्या डॉक्टरांना बराकीचा क्रमांक आणि शेवटच्या संपर्काची तारीख त्याच दिवशी कळवा.