फ्लॉरेन्स फारला श्रेय फार, की फारच कमी?

तिसरी घंटा:
फ्लॉरेन्स फार (१८६०–१९१७) ही लंडनची नटी आणि लेखिका आज ‘नाटककार शॉची, कवी येट्सची मैत्रीण’ एवढीच उरली आहे. हा अन्याय आहे. १८९४चा ॲव्हेन्यू थिएटरचा हंगाम तिनं चालवला. पैसा तिच्या मैत्रिणीचा, ॲनी हॉर्निमनचा, तोही गुप्तपणे दिलेला. २९ मार्चला टॉडहंटरचं नाटक लागलं आणि साफ पडलं. २१ एप्रिलला त्याच रंगमंचावर शॉचं ‘आर्म्स अँड द मॅन’! मधे जेमतेम तीन आठवडे. शिवाय चालक स्वतः असून नायिका रैना दिली ॲल्मा मरेला, आपल्याकडे ठेवली मोलकरीण लूका.

गोमाजी:
चालक म्हणून मान्य. नटी म्हणून नाही. इब्सेनच्या ‘रॉसमर्सहोम’मधली रेबेका (१८९१), शॉच्या ‘विडोअर्स हाउसेस’मधली ब्लँच (१८९२) या भूमिका इतिहासात राहिल्या त्या नाटकांमुळे. आणि तिची ‘द डान्सिंग फॉन’ ही कादंबरी चुरचुरीत संवादांपलीकडे जात नाही.

तिसरी घंटा:
मग सॉल्टरीचं, त्या तंतुवाद्यावर ती कविता म्हणायची, त्याचं काय?

गोमाजी:
ते वाद्य बनवलं वाद्यकारागीर डोल्मेचनं, कल्पना येट्सची. हिनं फक्त वाजवलं.

अर्धमात्रा:
‘फक्त’? इथं थांबा. बोलण्याच्या आवाजाच्या पट्ट्यात जेवढे अर्धस्वर येतात, तेवढे त्या वाद्यात होते. कवितेच्या शब्दांना आधी स्वर नेमायचे, मग तार छेडत त्याच स्वरावर शब्द बोलायचा. बोलायचा, गायचा नाही. मेख इथेच आहे. स्वर जरा लांबला की शब्दाचं गाणं होतं आणि अर्थ बुडतो. तारेकडे दुर्लक्ष केलं की ओळीच्या शेवटी आवाज सवयीनं खाली येतो आणि वाद्याशी फटकून वागतो. (आपल्याकडचे श्लोक म्हणणारे हे दुखणं ओळखतील.) ही कसरत ती वर्षानुवर्षं श्रोत्यांसमोर करत होती, आणि १९०९मध्ये ‘द म्युझिक ऑफ स्पीच’ हे पुस्तकही तिनंच लिहिलं. डोल्मेचनं नव्हे, येट्सनं नव्हे.

गोमाजी:
सॉल्टरीपुरती माघार. पण मग १९१२मध्ये सगळं सोडून सिलोनला का गेली?

तिसरी घंटा:
जाफन्याजवळ तमिळ पुढारी रामनाथन यांच्या मुलींच्या शाळेची प्रमुख व्हायला. तिथे ना शॉ होता ना येट्स. मैत्रिणीचं बिरुद लावणाऱ्यांनी ही पाच वर्षं कुठे बसवायची, तेवढं सांगा.

गोमाजी:
बसवतो. ब्लँचबद्दलचं माझं मत मात्र तिथेच राहील.