लाडकी बहीण ई-केवायसी : नवरा सोडून गेलाय, ओटीपी कुणाचा देणार?

पोळीभाजी_पुणे
आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींचा प्रश्न आहे. नवरा कित्येक वर्षांपूर्वी सोडून गेला, कुठे असतो कुणाला माहीत नाही, कागदोपत्री घटस्फोट नाही. लाडकी बहीणचे १५०० व्यवस्थित येत होते, आता ई-केवायसीला स्वतःच्या आधारनंतर नवऱ्याचं नाहीतर वडिलांचं आधार आणि त्याचा ओटीपी मागतंय. वडील वारलेत. सायबरवाला म्हणतो भावाचा नंबर टाकू, काय होतंय. टाकावा का? आणि हे बंद झालंच तर संजय गांधी निराधार योजनेचे पैसे मिळतील का?

सेविकेची_लेक
भावाचा अजिबात टाकू नका ताई, नंतर छाननीत नाव गेलं की परत कोण दाद घेणार. आई अंगणवाडीत आहे म्हणून सांगते, नवरा किंवा वडील हयात नसतील किंवा घटस्फोट झाला असेल तर फक्त स्वतःची केवायसी करायची आणि मृत्यूच्या दाखल्याची नाहीतर कोर्टाच्या आदेशाची प्रत सेविकेकडे द्यायची असं आता ठरलंय, मुदत पण १८ नोव्हेंबर २०२५ ची ३१ डिसेंबर २०२५ केली होती. गोची अशी की योजनेच्या पात्रतेत परित्यक्ता हा शब्द स्पष्ट आहे, पण सोडून गेलेल्या नवऱ्याचा दाखला देतं कोण? परवा एक बाई आईकडे प्लास्टिकच्या पिशवीत लग्नपत्रिका घेऊन आली होती, पुरावा म्हणून! मावशींच्या वडिलांचा मृत्यूदाखला काढा, सोबत साधा लेखी अर्ज जोडा आणि सेविकेला आधी भेटा. विवाहितच्या जागी अविवाहित वगैरे टाकू नका.

जमाखर्च
निराधारबद्दल सांगतो. परित्यक्ता त्यात बसते, ६५ च्या आत वय हवं, अर्ज तहसीलला. पण उत्पन्नाची अट कुटुंबाला वर्षाला २१ हजार. म्हणजे महिन्याला १७५०!! दोन घरच्या पोळ्या केल्या तरी बाई त्याच्या वर जाते. लाडकी बहीणला हीच मर्यादा अडीच लाख, आणि रेशनच्या प्राधान्य यादीला खेड्यात ४४ हजार, शहरात ५९ हजार. सरकार एकच, बाई एकच, पण या खिडकीवर गरीब आणि त्या खिडकीवर श्रीमंत. पैसे मात्र दोन्हीकडे १५०० च, आणि दोन्ही एकदम घेता येत नाहीत.

बांधावरून
त्या २१ हजारात खरं कोण बसतं हो, सगळे दाखला तेवढ्याचाच काढून आणतात. देणाऱ्याला माहीत, घेणाऱ्याला माहीत. खोटं बोलल्याशिवाय गरीब ठरता येत नाही अशी अट ठेवलीये.
आणि लाडकी बहीणचं कौतुक मला नका सांगू, २०२५-२६ च्या बजेटला ३६ हजार कोटी तिकडे, मग सामाजिक न्याय आणि आदिवासी विभागाचा निधी वळवला, त्यावर संजय शिरसाट स्वतः सामाजिक न्याय मंत्री असून जाहीर बोलले. सणाला रेशनवर मिळणारा आनंदाचा शिधा २०२५ मध्ये गणपतीला नव्हता, दिवाळीला नव्हता. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे पण जानेवारी २०२५ मध्ये भाडंच १४.९५ टक्के वाढवलं, म्हणजे ते अर्धं पण वाढलंच की.

सेविकेची_लेक
@बांधावरून दादा निधी वळवला ते चूकच, पण आमच्याकडे बायका १५०० मधून पहिल्यांदा कुणाला न विचारता भिशी लावतायत, गॅस भरतायत. ते बंद करून वाचलेले पैसे त्या विभागांच्या वसतिगृहातल्या पोरांनाच मिळतील याची गॅरंटी तुम्ही देताय का?

बांधावरून
नाही देत. दोन्ही द्या म्हणतोय. आणि देता येत नसेल तर २१०० चं आश्वासन निवडणुकीत कशाला दिलं होतं.

पोळीभाजी_पुणे
सगळ्यांना थँक्स. सायबरवाल्याला नाही म्हणून आले. वडिलांचा मृत्यूदाखला गावच्या ग्रामपंचायतीत मिळेल असं मावशी म्हणतायत, पण त्यांच्या वेळी नोंद केली होती का नाही हेच घरात कुणाला आठवत नाही. नोंद नसेल तर काय करतात, कुणी केलंय का?