तुरुंगात कोण आहे, याची यादी नेटवर सगळ्यांना खुली असावी का? (ऑनलाइन चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे)

जामीनपत्र

माणसाला अटक झाली की तो नेमका कुठे आहे, हे विचारायला आपल्याकडे एक खिडकी नाही. अटकेची माहिती पोलिसांच्या पोर्टलवर, खटल्याची ई-कोर्ट्सवर आणि तुरुंगाची ई-प्रिझन्समध्ये. यातली तिसरी जागा घरच्यांसाठी जवळपास बंद आहे. राष्ट्रीय माहिती-विज्ञान केंद्राने (एनआयसी) बनवलेल्या ई-प्रिझन्समध्ये बंद्याचं नाव, वडिलांचं नाव, कलमं, दाखल झाल्याची तारीख, पुढची कोर्टाची तारीख हे सगळं भरलेलं असतं. बाहेरच्या माणसाला मात्र राष्ट्रीय पोर्टलवर मुख्यतः आकडे दिसतात. ई-मुलाकातीचा, म्हणजे बंद्याला भेटायचा ऑनलाइन अर्ज भरायला घ्या, तो आधी राज्य आणि कारागृह निवडायला सांगतो. म्हणजे जे शोधतोय तेच आधी ठाऊक असायला हवं.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) अहवालातले २०२२ अखेरचे आकडे बघा. देशातल्या तुरुंगांची क्षमता ४,३६,२६६ आणि आत ५,७३,२२० माणसं. इतकी गर्दी असली की बंदी एका कारागृहातून दुसरीकडे वर्ग होणारच. आर्थर रोडच्या दाराशी मुलाकातीला गेलेल्या बाईला कळतं की नवरा तळोज्याला गेला. कधी गेला, का गेला, हे सांगायला कोणी बांधील असल्यासारखं वागत नाही.

म्हणून माझी मागणी अशी: नाव, वय, कारागृह आणि पुढची तारीख, एवढं नावाने शोधता आलं पाहिजे. अमेरिकेतल्या संघीय तुरुंगांची अशी सोय आहे. तिथे १९८२ पासूनच्या बंद्यांचं नाव टाकलं की तुरुंग आणि सुटकेची तारीख दिसते. आपल्याकडे अटक ही तशीही गुप्त बाब नाही. डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितलं की अटकेची माहिती १२ तासांत नियंत्रण कक्षाला द्या आणि फलकावर लावा. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३७ तेच सांगतं: अटक झालेल्याचं नाव, पत्ता, गुन्ह्याचं स्वरूप प्रत्येक पोलीस ठाण्यात आणि जिल्हा मुख्यालयात ठळकपणे लावायचं, डिजिटल पद्धतीनेही. अटक उघड आणि कोठडी झाकलेली, याला काही तर्क नाही.

उलटतपासणी

मी पूर्ण विरोधात आहे. त्याच अहवालातला पुढचा आकडा तुम्ही दिला नाहीत. त्या ५,७३,२२० पैकी ४,३४,३०२ जण कच्चे कैदी होते, म्हणजे जवळपास ७६ टक्के. दोष सिद्ध न झालेल्या चार लाखांहून जास्त माणसांची नावं तुम्ही शोधयंत्राच्या हवाली करायला निघाला आहात. ठाण्याच्या फलकावरचा कागद चार दिवसांत निघतो. नेटवरचं नाव निघत नाही.

अमेरिकेचं उदाहरण देताना त्याचा दुसरा भागही सांगा. तिथल्या काउंटी तुरुंगांनी अटकेच्या वेळचे फोटो खुले ठेवले. खासगी वेबसाइटींनी ते उचलले आणि काढून टाकायचे पैसे मागायला सुरुवात केली. ते थांबवायला जॉर्जियाला २०१३ मध्ये आणि कॅलिफोर्नियाला २०१५ पासून कायदे लागू करावे लागले. आणि २०१६ मध्ये तिथल्याच एका संघीय अपील न्यायालयाने म्हटलं की अशा फोटोंत माणसाचं खासगीपण गुंतलेलं आहे, सरसकट देता येणार नाहीत.

आपल्याकडे हे जास्त घातक ठरेल. एकाच तालुक्यात एकाच नावाचे, त्याच आडनावाचे चार जण असतात. फक्त नाव-वय दिलं तर बाकीचे तीन नाहक बदनाम होतात, आणि वडिलांचं नाव-गाव दिलं तर घरपत्ताच दिल्यासारखं होतं. आडनावातून जात कळते हे वेगळं सांगायला नको. ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला सांगितला. खुल्या यादीने तो मागच्या दाराने गावभर येईल. पारधी वस्तीतला पोरगा संशयावरून उचलला जातो, दीड महिन्यात सुटतो, पुढे निर्दोषही ठरतो. ते निर्दोषत्व यादीत कोण भरणार? घरमालक, ठेकेदार, स्थळ बघणारे लोक आधी नाव टाकून बघतील आणि तिथेच थांबतील.

तालुका_कोर्ट

दोघांचंही वाचलं. यादी हवी की नको हा वाद चालू द्या, पण आज ज्यांचं माणूस आत आहे त्यांना नेमकं काय करता येतं ते आधी लिहितो. अर्धा गोंधळ क्रम चुकल्याने होतो.

सगळ्यात आधी गुन्हा रजिस्टर नंबर, वर्ष आणि पोलीस ठाणं मिळवा. नावापेक्षा हे तीन महत्त्वाचे. संहितेच्या कलम ४८ प्रमाणे अटक झाल्याचं आणि माणसाला कुठे ठेवलंय हे नातेवाईक किंवा मित्राला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे आणि कोणाला कळवलं याची ठाण्यातल्या वहीत नोंद होते. कळवलं नसेल तर त्या नोंदीबद्दल विचारा. ठाण्यात दाद लागत नसेल तर जिल्हा नियंत्रण कक्षात कलम ३७ खालच्या नेमलेल्या अधिकाऱ्याची चौकशी करा. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर जिल्हा, ठाणं, तारीख टाकून एफआयआर आणि अटक आरोपी बघता येतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार एफआयआर २४ तासांत, इंटरनेटची अडचण असेल तर जास्तीत जास्त ७२ तासांत चढवायची असते. लैंगिक गुन्हे, पॉक्सो, दहशतवाद अशी संवेदनशील प्रकरणं त्यातून वगळलेली असतात. तिथे एफआयआर दिसली नाही म्हणून गुन्हाच नाही असं समजू नका.

अटकेपासून २४ तासांत माणूस दंडाधिकाऱ्यांपुढे यायला हवा, प्रवासाचा वेळ सोडून. तिथे पीसीआर (पोलीस कोठडी) मिळाली तर तो पोलिसांच्या लॉकअपमध्ये असतो आणि तुरुंगात शोधून काही उपयोग नसतो. एमसीआर (न्यायालयीन कोठडी) झाली की तो कारागृहात जातो. अनेक जण पीसीआरच्या दिवसांतच मध्यवर्ती कारागृहाला फोन करत बसतात आणि 'असा कोणी नाही' हे खरं उत्तर ऐकून घाबरतात.

कुठलं कारागृह, हे लिहिलेलं असतं कोठडीच्या वॉरंटवर. वॉरंट त्या-त्या कारागृहाच्या अधीक्षकांच्या नावाने निघतं आणि कोठडी वाढली की त्यावर पुढची तारीख पडते. त्यामुळे शोधायची खरी जागा म्हणजे रिमांड कोर्ट, ज्याने कोठडी दिली ते. तिथल्या क्लार्कला गु. र. नं. सांगा, किंवा वकिलामार्फत रिमांडच्या आदेशाची नक्कल मागा. मुंबईतल्या बाईमाणसाला आर्थर रोडला शोधू नका, भायखळ्याला विचारा. तालुक्याच्या गावी दुय्यम कारागृह असतं, त्याचा कारभार पुष्कळदा तहसीलकडे असतो, आणि मध्यवर्ती कारागृहाला त्याचा पत्ता नसतो. १८ च्या आतला मुलगा असेल तर तुरुंग नाहीच, निरीक्षणगृह आणि बाल न्याय मंडळ. गोव्यात प्रश्न सोपा आहे, न्यायालयीन कोठडी म्हटली की बहुधा कोलवाळ.

ई-कोर्ट्सवर पक्षकाराच्या नावाने शोधण्याआधी एफआयआर नंबरने शोधा: जिल्हा, न्यायालय संकुल, पोलीस ठाणं, नंबर, वर्ष. प्रलंबित आणि निकाली दोन्ही बघा. दोषारोपपत्र दाखल होईपर्यंत मुख्य खटला तिथे दिसेलच असं नाही, पण जामीन अर्ज दिसतो. नावानेच शोधावं लागलं तर पूर्ण नाव टाकू नका, आडनावाची पहिली चार अक्षरं पुरेत. शेख तीन प्रकारे लिहिला जातो, कांबळे दोन प्रकारे, आणि उर्फ असलेल्या माणसाचं उर्फच कधीकधी मुख्य नाव म्हणून चढतं. खटला सापडला की १६ अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर (ई-कोर्ट्सवरचा त्या खटल्याचा स्वतंत्र क्रमांक) लिहून ठेवा, पुढे तोच पुरतो.

काहीच जमलं नाही तर १५१०० या विधी सेवा प्राधिकरणाच्या हेल्पलाइनवर फोन करा. कोठडीतल्या माणसाला विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा प्राधिकरणाचे स्वयंसेवक तुरुंगातल्या विधी साहाय्य केंद्रात जातात, त्यांना आतून विचारता येतं.

जामीनपत्र

तालुका_कोर्ट, माहिती चोख आहे. पण हीच माझ्या मागणीची बाजू आहे. तुम्ही सांगितलेल्या प्रत्येक पायरीला कोर्टाच्या आवारात ओळख लागते, किंवा वकील, किंवा रोजंदारी बुडवून घालवलेला दिवस. ऊसतोडीच्या टोळीतला माणूस परजिल्ह्यात पकडला गेला तर घरच्यांना ठाण्याचं नावही माहीत नसतं.

आणि स्थानबद्धतेचं काय? एमपीडीए (खटल्याशिवाय माणसाला स्थानबद्ध करता येणारा महाराष्ट्राचा कायदा) लावला की कोर्टात खटला नसतो, आदेश पोलीस आयुक्तांचा किंवा जिल्हाधिकाऱ्यांचा. ई-कोर्ट्सवर काही दिसणार नाही आणि रिमांड कोर्टात वॉरंट नाही. त्यात माणूस बहुतेकदा मुद्दाम दूरच्या कारागृहात पाठवतात, पुण्याचा नागपूरला किंवा अमरावतीला. स्थानबद्धतेची कारणं पाच दिवसांत द्यायची असतात, पण ती त्याला आत मिळतात, घरी नाही. मुदत १२ महिन्यांपर्यंत. इथे तुमचा क्रम पहिल्याच पायरीवर तुटतो.

जामीन मिळालेल्यांचंही तेच. ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जामिनाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी अधीक्षकांना ई-मेलने जावी, तारीख ई-प्रिझन्समध्ये भरली जावी आणि सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावं. हे पाळलं गेलं का, ते बाहेरून कोण तपासणार? नोंद खुली असती तर आठव्या दिवशी कोणीही विचारू शकला असता.

उलटतपासणी

स्थानबद्धतेचा मुद्दा मान्य, त्याला उत्तर हवंच. पण उत्तर खुली यादी नाही. ब्रिटनमध्ये नाव टाकून कोणालाही तुरुंग कळत नाही. अर्ज करायचा, ते बंद्याला विचारतात, त्याची संमती असेल तरच तुम्हाला पत्ता कळवतात. नवऱ्याच्या मारहाणीतून सुटलेली बाई स्वतः आरोपी म्हणून आत असेल, तर ती कुठे आहे हे नवऱ्याला कळू नये, एवढी काळजी त्यात आहे. तुमच्या यादीत ती सापडेल. साक्षीदार, टोळीतून फुटलेला आरोपी, यांचंही तेच होईल.

जामिनाबद्दल म्हणाल तर त्या देखरेखीला नावं लागत नाहीत. किती जामीन मंजूर, किती जण सात दिवसांनंतरही आत, कारण काय (जामीनदार नाही, रक्कम नाही, दुसरा गुन्हा आहे), हे कारागृहवार दर महिन्याला छापायला लावा. त्याला मी सही करतो.

न्यूजर्सीकर

अमेरिकेबद्दल थोडी भर, कारण इकडे असलेल्या मराठी कुटुंबांना त्याची गरज पडते. 'अमेरिकेत नाव टाकलं की सापडतं' हे अर्धंच खरं आहे. संघीय तुरुंग, राज्याचा तुरुंग, काउंटी जेल आणि इमिग्रेशनची कोठडी, चारही शोध वेगळे. इमिग्रेशनच्या शोधात नऊ आकडी ए-नंबर (इमिग्रेशन खात्याने त्या माणसाला दिलेला क्रमांक) आणि जन्माचा देश टाकावा लागतो. तो नंबर नसेल तर नाव आणि जन्मदेश, पण तेव्हा स्पेलिंग तंतोतंत जुळावं लागतं. भारतीय पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल किंवा वडिलांचं नाव पहिल्या नावात गेलं असेल तर शोध हमखास फसतो. दोन्ही रकाने उलटसुलट करून बघा. १८ च्या आतल्यांची माहिती तिथे मिळत नाही. भारतीय वकिलातीला कळवावं अशी मागणी अटकेतल्या माणसाने स्वतः करायची असते, व्हिएन्ना करारातला तो त्याचा हक्क आहे. तेव्हा फोनवर बोलणं झालं की पहिलं हेच सांगा.

माझं मत उलटतपासणींच्या बाजूने झुकतं. इथे काउंटीच्या यादीतलं नाव आरोप रद्द झाल्यावरही भाड्याचं घर मिळू देत नाही.

तालुका_कोर्ट

जामीनपत्र, एमपीडीएचा प्रसंग आला तर आदेश काढणाऱ्या कार्यालयात जा, म्हणजे आयुक्तालय किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाची गृह शाखा. कुठल्या कारागृहात ठेवायचं हे तिथे लेखी असतं. तिथेही टाळाटाळ झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज, पण नीट लिहिलेला. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवायचा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप. अर्जाच्या माथ्यावर लिहा: 'व्यक्तीच्या स्वातंत्र्याशी संबंधित, कलम ७(१) नुसार ४८ तासांत माहिती द्यावी'. ही ओळ नसली की अर्ज ३० दिवसांच्या गठ्ठ्यात जातो.

दुसरी अडचण नवीन आहे. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं कलम ८(१)(जे) बदललं आणि तो बदल नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. पूर्वी खासगी माहिती असली तरी व्यापक जनहित दाखवून त्याच कलमात वाट निघायची. आता 'वैयक्तिक माहिती' एवढ्या शब्दांवर नकार देता येतो. म्हणून अर्जात कलम ८(२) चा आधार घ्या, जनहित जास्त असेल तर माहिती द्यावी हे कलम अजून शाबूत आहे. आणि शक्य असेल तर बंद्याच्या सहीचं संमतीपत्र जोडा. वकीलपत्रावर जशी अधीक्षकांच्या साक्षांकनाने सही येते, तशीच यावरही मिळते.

उलटतपासणी, तुमच्या संमतीच्या पद्धतीत मला एक भोक दिसतं. बंद्याला विचारलं का, आणि तो 'नाही' म्हणाला हे खरं का, हे सांगणारा तोच तुरुंग. ज्याला आत मारहाण झाली आहे त्याची 'संमती नाही' असं पत्र आलं तर घरच्यांनी काय समजायचं?

उलटतपासणी

विचारण्याचं काम तुरुंगाकडे ठेवू नका. विधी सेवा प्राधिकरणाच्या स्वयंसेवकाने समोर बसून विचारावं, सही किंवा अंगठा घ्यावा, आणि उत्तर तीन दिवसांत अर्जदाराला जावं. भेट नाकारली गेली तर तेच कारण पुरेसं मानून जिल्हा न्यायाधीशांकडे नोंद व्हावी. संमती नसेल तरी 'व्यक्ती जिवंत आहे, कोठडी कायदेशीर आदेशाने आहे' एवढं सांगायला काही हरकत नाही.

जामीनपत्र

हे मला चालेल, पण तीन दिवस नाही. अटक आणि वर्ग केल्यानंतरचे पहिले ४८ तास सगळ्यात धोक्याचे असतात. निदान बंदी दुसऱ्या कारागृहात हलवला की, त्याने दाखल होताना दिलेल्या फोन नंबरवर त्याच दिवशी मेसेज जावा. ई-प्रिझन्समध्ये वर्ग केल्याची नोंद होतेच, मेसेज त्या नोंदीबरोबर सुटायला हवा. यात कोणाचं नाव नेटवर येत नाही. नावाने शोध खुला असावा, हे माझं म्हणणं मी मागे घेत नाही. दोष सिद्ध झालेल्यांपुरता तरी तो हवाच, त्यांचा निकाल खुल्या कोर्टात लागलेला असतो.

उलटतपासणी

मेसेजला पूर्ण पाठिंबा. दोषसिद्धांच्या यादीला नाही. शिक्षा भोगून आलेल्या माणसाला कामावर कोण ठेवणार, याचं उत्तर मिळेपर्यंत तरी नाही.